चार पिक्सेलची रेघ

सरांच्या तोंडून मी एकच शिवी ऐकली. 'फेदर'. मला ती तीनदा मिळाली, क्लासच्या मालकांना आठवड्यातून दोनदा मिळायची, आणि एकदा पनवेलमधल्या एका पुढाऱ्याला सरांनी ती तोंडावर दिली. पुढाऱ्याला वाटलं, आपलं इंग्रजीत काहीतरी कौतुक झालं. त्याने सरांशी हात मिळवला आणि चहा न घेता जाऊ दिलं नाही.

फोटोशॉपमध्ये चित्राचा एखादा भाग निवडला, म्हणजे सिलेक्ट केला, की त्याची कड धारदार असते. फेदर नावाची सोय वापरली की तीच कड धुरकट होते. आकार कुठे संपला आणि बाकीचं जग कुठे सुरू झालं, काही कळत नाही. लग्नाच्या अल्बममध्ये नवरा-नवरीचे चेहरे ढगांत तरंगताना दिसतात ते याच सोयीच्या कृपेने. सरांच्या हिशेबी माणसांच्या दोनच जाती होत्या, कड असलेली आणि फेदर. 'बघतो', 'करू', 'तसं काही नाही' असं बोलणारा प्रत्येक जण फेदर. त्या न्यायाने आमचं सगळं घराणं फेदर होतं.

मी त्यांच्याकडे गेले ती काही कलेच्या ओढीने नाही. बारावीला गणितात गचकले होते. ऑक्टोबरची परीक्षा येईपर्यंत घरात बसून आईच्या डोक्यावर मिरी वाटण्यापेक्षा काहीतरी शीक, असं बाबांनी फर्मान काढलं. क्लास होता मिरची गल्लीत, मसाला कांडपाच्या बरोबर वरच्या मजल्यावर. खाली मशीन सुरू झालं की वर सात कॉम्प्युटरांपुढे सात जण एका तालात शिंकायचे. लॅसो नावाच्या हत्याराने, माउसचं बटण दाबून धरून, आकृतीच्या कडेकडेने फिरावं लागतं. अर्ध्या वाटेत शिंक आली की मॉडेलच्या ओठाची रेघ थेट कानात जायची. सरांचा त्यावरही नियम होता. "शिंक येतेय असं वाटलं की माउस सोडा, शिंका, नाक पुसा आणि पुन्हा पहिल्यापासून." एका लिंबाच्या फोडीला मला चार दिवस लागले होते.

सर पन्नाशी ओलांडलेले, उंच, अंगाने हडकुळे. पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशात सहा इंची स्टीलची पट्टी. रसायनीकडच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ते वीस-बावीस वर्षं ट्रेसर होते. साहेबांनी काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून तो शाईने गिरवायचा, एवढंच काम. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा बाकीच्यांनी मोर्चा काढला. सरांनी शाईची पेनं धुतली, पुसली, डबीत ठेवली आणि कॉम्प्युटर शिकायला गेले. मोर्च्याचं काय झालं मला माहीत नाही, पण पेनं शेवटपर्यंत लख्ख होती.

क्लासमधल्या प्रत्येक वस्तूभोवती सरांनी खडूने रेघ मारलेली होती. टेबलावर चहाच्या ग्लासाचं कडं, डस्टरचा चौकोन, चष्म्याच्या घराचा लांबुळका आकार. दाराशी फरशीवर त्यांच्या चपलांचे दोन आकार. चपला त्या आकारांतच काढल्या जायच्या, आणि कोणाचा पाय लागून एखादी सरकली तर सर शिकवता शिकवता उठून ती जागेवर ठेवून येत. मालक वैतागून म्हणायचे, "अहो, इथे खून झालाय का? लोक ॲडमिशनला येतात आणि घाबरून परत जातात."

"वस्तू उचलली की तिची जागा दिसली पाहिजे," सर म्हणायचे.

सर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू होते. बोलणं पनवेलचं, भांडणं पनवेलची, जेवणात नारळ आमच्यापेक्षा चार चमचे जास्त. फक्त शनिवार त्यांचा स्वतःचा. शुक्रवारी दिवेलागणीला कॉम्प्युटर बंद केला की शनिवारचा सूर्य बुडेपर्यंत ते त्याला बोट लावत नसत. भाऊ, चुलते, मावश्या सगळे कधीच इस्राएलला गेले होते. एकुलती एक लेकही गेली होती, आणि दर महिन्याला फोन करून 'पप्पा, कधी येताय?' विचारत होती. सर म्हणायचे, बघतो. मी एकदा धीर करून म्हटलं, "सर, 'बघतो' म्हणजे फेदर ना?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आपली निमूट लिंबाच्या फोडीकडे वळले.

आता त्यांच्या शिकवण्याबद्दल सांगते, कारण तिथेच त्यांचा खरा वेडेपणा होता. वर्तुळ हवं असेल तर फोटोशॉपमध्ये शेप टूल असतं. दाबा, ओढा, वर्तुळ हजर. सगळं जग असंच करतं. आमच्या क्लासमध्ये सातही मॉनिटरवर, जिथे शेप टूलचं चिन्ह दिसतं तिथे सरांनी काळी चिकटपट्टी लावून ठेवली होती. "तयार मिळालेला आकार तुमचा नसतो," ते म्हणत. आमचं वर्तुळ वेगळ्या वाटेने यायचं. आधी गोल सिलेक्शन ओढायचं. पडद्यावर तुटक रेघांचं कडं उमटतं आणि त्या तुटक रेघा हळूहळू पुढे सरकत राहतात, साखरेच्या डब्याभोवती मुंग्या फिराव्यात तशा. सर त्यांना मुंग्याच म्हणत. मुंग्या फिरायला लागल्या की हात आवरून बसायचं आणि मनात वीस आकडे मोजायचे.

"मुंग्या सगळीकडून फिरून आल्या? कुठे अडल्या नाहीत? मग आता स्ट्रोक."

स्ट्रोक म्हणजे मुंग्यांच्या वाटेवर रंगाची रेघ मारणं. कॉम्प्युटर तेव्हा दोनच गोष्टी विचारतो. रेघ किती पिक्सेल जाड, आणि मुंग्यांच्या वाटेच्या आतून मारू, मधोमध मारू की बाहेरून. मग कंट्रोल आणि डी दाबून मुंग्यांना रजा द्यायची. रजा न देता कोणी खुर्चीवरून उठलं की सरांचा चेहरा देवघरात चपला घालून कोणी शिरल्यासारखा व्हायचा.

"सिलेक्शन म्हणजे मनातलं, स्ट्रोक म्हणजे तोंडातलं," हे त्यांचं पालुपद. "मनातलं आधी नीट लावा. मग तोंड उघडा."

शिफ्ट दाबून एका सिलेक्शनमध्ये दुसरं मिळवता येतं, आल्ट दाबून वजा करता येतं. गोलातून गोल वजा केला की चंद्रकोर. गोलावर त्रिकोण चढवला की मोदक. सरांनी आम्हाला घरातली वीस भांडी गोल आणि चौकोनांत बसवून आणायला सांगितली होती. मी आठवडाभर स्वयंपाकघरात वही घेऊन बसले. आई म्हणाली, "तुझ्या सरांना संसार थाटायचाय का?" सर स्वतः डब्यातली पोलीसुद्धा अशा बेताने खायचे की प्रत्येक घासाला चंद्रकोर उरली पाहिजे. शेवटची कोर ते खिडकीतल्या चिमणीला द्यायचे.

आणि माणसं ते स्ट्रोकवरून ओळखायचे. "आतून रेघ मारणारा स्वतःची जागा खातो. बाहेरून मारणारा शेजाऱ्याची खातो. मधून मारणारा दोघांची थोडी थोडी खातो आणि वर समजूतदार म्हणून मिरवतो." आमच्या क्लासमध्ये रेघ आतूनच मारायची, असा कायदा होता. कोणी का म्हणून विचारलं नाही. मालकांनी एकदाच तोंड उघडलं होतं. लोकांना चमकणारी, सावली पडलेली अक्षरं शिकायची असतात आणि तुम्ही त्यांना पराती काढायला लावता, असं त्यांचं म्हणणं होतं. पण सरांना हात लावायची त्यांची टाप नव्हती. क्लासचा प्रिंटर फक्त सरांचंच ऐकायचा.

तात्या आले तेव्हा मला वाटलं, कोणाचा तरी बाप चौकशीला आलाय. पंचेचाळिशीचे, मिशीवाले, डंपर चालवून बोटं केळ्यांएवढी झालेली. तात्या जवळच्याच एका गावचे. मोठ्या प्रकल्पात ते गाव उठणार होतं. बाहेरचे लोक मोजायला येतील तेव्हा येतील, त्याआधी आपला नकाशा आपल्या हाताने करून ठेवायचा, असं गावकीने ठरवलं होतं. कारण साधं होतं. घर असेल त्याला नव्या ठिकाणी जागा. गोठ्याला, खुराड्याला काही नाही. आणि घर कशाला म्हणायचं, गोठा कशाला, ते गावाने नकाशासकट यादी देऊन आधी सांगायचं होतं.

"मास्तर, आमाला आमचं गाव काडायचं हाय," तात्या म्हणाले.

"आतून की बाहेरून?" सरांनी विचारलं.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

इंटरनेटवर आकाशातून घेतलेले फोटो तेव्हा नुकतेच दिसायला लागले होते. तात्यांनी कोणाकडून तरी गावाच्या फोटोचे तुकडे मिळवून आणले. मी ते जोडले. सरांनी गावात जाऊन देवळाची लांबी मोजली, फोटोतल्या देवळाशी ताडून पाहिली आणि सगळा फोटो असा बसवला की पडद्यावरचा एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचा एक फूट. मग नियम सांगितले. प्रत्येक घराचं सिलेक्शन, त्याला चार पिक्सेलची काळी रेघ, आतला भाग मोकळा. गोठा असेल तर चौकोन पूर्ण काळा भरायचा. जाडी सगळ्यांना सारखी, रेघ सगळ्यांना आतून. आणि प्रत्येक सिलेक्शन मालकाच्या नावाने फाइलीत साठवून ठेवायचं. म्हणजे उद्या कोणी शंका काढली की ते नाव दाबायचं, आणि मुंग्या पुन्हा त्याच वाटेने फिरायला लागतील.

बेचाळीस घरं होती. परीक्षेचा अभ्यास कधीच मागे पडला होता, हे इथे कबूल करून टाकते.

रेघ बाहेरून मारली तर घर चारी बाजूंनी चार चार फूट वाढतं, ही बातमी गावात पोचायला दोन दिवस लागले. मग क्लासचा जिना कधी रिकामा राहिला नाही. कोणी वालाच्या शेंगा घेऊन यायचं, कोणी तांदळाची पिशवी. सर पिशवीभोवती खडूने रेघ मारून ठेवायचे आणि जाताना माणसाला ती आठवणीने परत द्यायचे.

"मास्तर, आमची पडवी राह्यली."

"पडवी दिसतेय. घेतली आहे."

"घेतली, पन बारीक दिसते."

"बारीक आहे म्हणून बारीक दिसते."

गावकीचे अध्यक्ष सगळ्यात मोठे. गावातलं पहिलं स्लॅबचं घर त्यांचं. ते खुर्चीवर बसायचे आणि पडद्यावर बोट ठेवायचे, त्यामुळे त्यांच्या घरावर कायम तेलकट डाग असायचा.

"माजी गॅलरी बाहेर हाय, ती धरा."

"गॅलरी हवेत आहे," सर म्हणाले. "मुंग्या जमिनीवर चालतात."

अध्यक्षांना राग आला. नियम सगळ्यांना एक, असं सरांनी त्यांना चारचौघांत तीनदा ऐकवलं. तीन आठवड्यांत एक्केचाळीस घरं झाली, सगळी आतून. सरांच्या तोंडचा तो नियम अध्यक्षांनी मात्र नीट लक्षात ठेवला होता.

बेचाळिसावं घर हिराबायचं. ते फोटोत नव्हतंच.

हिराबाय एकटी बाई. पहाटे उठून करंजाच्या बंदरावर जायची, सुकी मासळी आणायची आणि पनवेलच्या बाजारात पाटी लावायची. तिचं घर गावाच्या टोकाला, जांभळाखाली. वरून काढलेल्या फोटोत तिथे नुसतं झाड दिसत होतं, हिरवं, गोल, भरगच्च. आणि दिसत नाही त्याचं सिलेक्शन करायचं नाही, हा सरांचा सगळ्यात जुना कायदा. तात्यांनी सांगून पाहिलं. सर ढिम्म. मग एक दिवस हिराबायच जिना चढून आली. पाटी दाराशी ठेवली, नेमकी सरांच्या चपलांच्या आकारांवर.

"मास्तर, माजं घर त्या फोटूत नाय?"

"तुमच्या घरावर झाड आहे, बाई."

"झाड मीच लावलंय." ती पडद्याकडे बघत राहिली. "कापू का? उद्या कापते. मंग दिसंल?"

"फोटो काढून झालाय. आता कापून काही उपयोग नाही."

"मंग माजं घर नाय, असं लिवनार तुमी?"

सर उठले, तिची पाटी उचलून बाजूला ठेवली, चपला घातल्या आणि खिशातली पट्टी काढून टेबलावर ठेवून टेप घेतला. तात्या, मी आणि सर टमटमने गावात गेलो. जांभळाखाली मातीच्या भिंतींचं, कौलांचं घर होतं. आत चूल, एक खाट, दोरीवर दोन लुगडी. सर गुडघ्यांवर बसून मोजत होते आणि हिराबाय टेपचं दुसरं टोक धरून उभी होती, जरा जास्तच ओढून.

"बाई, ताणू नका. फूट वाढत नाही."

"मना काय ठावं? बगितलं ओडून."

अकरा बाय नऊ. सरांनी वहीत लिहिलं. क्लासवर परत येऊन झाडाच्या हिरव्या गोलावर अकरा बाय नऊचं सिलेक्शन ओढलं. मुंग्या फिरायला लागल्या. आम्ही वीस आकडे मोजले. सरांनी चार पिक्सेल आतून असा स्ट्रोक मारला, आणि घरच नाहीसं झालं.

झालं ते सोपं होतं, पण तोवर कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. दोन्ही बाजूंनी चार चार फुटांची रेघ आत शिरली की अकरातले तीन फूट उरतात आणि नवातला एक. छापल्यावर तेवढी फटही दिसेना. काळा ठोकळा. नकाशातल्या नियमाने काळा ठोकळा म्हणजे गोठा.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आले, ठोकळा पाहिला आणि पहिल्यांदाच हसले. "मास्तर, खुराडं हाय तं खुराडंच दिसनार. आवरीशी जागा, तिला कोन घर म्हनंल?"

"मानूस ऱ्हातो तिथं," तात्या म्हणाले. "आमी बगितलंय ना!"

"नकाशात काय दिसतं ते बोला. नियम सगळ्यांना एक, मास्तरांनीच सांगितलंय. माज्या गॅलरीला नाय म्हनले, मंग हिराबायला बी आतूनच."

मी मध्ये तोंड घातलं. तिच्या एका घराला एक पिक्सेलची रेघ मारूया, कोणाला कळणार आहे, असं म्हणाले. सर माझ्याकडे वळले. "जाडी सगळ्यांना एक. फेदर!" ही माझी तिसरी. मला इतका राग आला की मी सरळ विचारलं, मग काय करणार? तिला गोठा म्हणून लिहिणार? सरांनी ग्लास उचलला, पुन्हा कड्यात ठेवला, पुन्हा उचलला. शेवटी अध्यक्षांना म्हणाले, "माझा टेप जुना आहे. परत मोजून येतो."

रविवारी ते एकटेच गावात गेले. सोमवारी मी पोचले तेव्हा बेचाळिसावं घर झालं होतं. झाडाच्या हिरव्या गोलात काळ्या रेघेचा स्वच्छ चौकोन, आत मोकळी जागा. घराला शोभेल असा.

"एकोणीस बाय सतरा," सर म्हणाले.

"परवा अकरा बाय नऊ होतं!" अध्यक्ष ओरडले.

"परवा मी चुलीपाशी बसून आतून मोजलं. काल बाहेर उभा राहून मोजलं. मागे मांडव आहे, पुढे ओटा आहे, पाटी ठेवायची जागा आहे." सर पडद्यावरून नजर न काढता बोलत होते. "माझी पहिली मोजणी चुकली. तसं लिहून देतो."

सरांची मोजणी चुकली, हे वाक्य ऐकून मालकसुद्धा आतल्या खोलीतून बाहेर आले. अध्यक्ष आले तसे जिना उतरून गेले. जो माणूस त्यांच्या गॅलरीला एक पिक्सेल देत नव्हता, तो एका मासळीवालीसाठी खोटं बोलेल, हे त्यांच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. माझ्याही शिरलं नाही. मला फक्त वाईट वाटलं की सर म्हातारे झाले, आता त्यांचा टेपही चुकायला लागला.

नकाशा देवळात लावला तेव्हा सगळं गाव जमलं होतं. प्रत्येक जण आपलं घर सोडून शेजाऱ्याचं मोजत होता. हिराबायला तात्यांनी पुढे आणलं. तिने चौकोनावर बोट ठेवलं, ते रेघेवरून फिरवलं आणि मग आत टेकवलं.

"आत जागा हाय," ती म्हणाली. मग सरांकडे वळून बोलली, "झाड नाय काडलं, मास्तर?"

"झाड दिसतंयच की."

"ते तुमी काडलेलं नाय. ते फोटूतलं हाय."

सरांनी त्या दिवशी हिराबायच्या ओटीतल्या जांभळांचा एक वाटा घेतला. लाच म्हणून आलेल्या वस्तूंपैकी परत न केलेली तेवढीच एक, आणि ती काम झाल्यावर आली होती, म्हणून कायद्यात बसत असावी.

पुढच्या वर्षी लेक स्वतः येऊन सरांना घेऊन गेली. जाण्याआधी त्यांनी मला बोलावून एक सीडी दिली. वर बारीक, ट्रेसरच्या अक्षरात गावाचं नाव. "मूळ फाइल आहे. सिलेक्शनं आत आहेत. वाटलं तर कधी बघ," म्हणाले. मी 'बघते' म्हणाले आणि शिवीची वाट पाहिली, पण ती आली नाही. ते गेल्यावर महिनाभर मालकांनी क्लासमधली फरशी पुसून घेतली, तरी दाराशी चपलांचे आकार दिसत राहिले. आम्ही सगळे त्यांना वळसा घालून आत जायचो.

त्यानंतर गणित सुटलं. मी याच धंद्यात शिरले, चमकणारी, सावली पडलेली अक्षरं करायला लागले आणि शेप टूलही बेधडक वापरायला लागले. दहा-बारा वर्षांनी गाव उठलं. डोंगर सपाट झाला, जांभूळ गेलं. यादीप्रमाणे सगळ्यांना नव्या ठिकाणी जागा मिळाल्या, हिराबायलाही. तिने एक खोली बांधली, समोर ओटा बांधला आणि चार-पाच वर्षं त्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारल्या. मागच्या वर्षी ती तिथेच गेली. हे मला तात्यांनी फोनवर सांगितलं. फोन त्यांनी दुसऱ्याच कामासाठी केला होता.

"नव्या देवळात जुन्या गावाचा नकाशा लावायचा हाय. मोटा. फाइल हाय का तुज्याकडं? आनि छापायच्या आदी एकदा सगळं बराबर हाय का बगून घे."

सीडी होती. ती घालायला जागा असलेला कॉम्प्युटर नव्हता, तो एका मैत्रिणीकडून आणला. फाइल उघडली. बेचाळीस चौकोन, बेचाळीस नावं. बराबर हाय का बघायचं म्हणून मी एकेक नाव दाबत गेले. दाबलं की त्या घराभोवती मुंग्या फिरायला लागायच्या, काळ्या रेघेच्या बाहेरच्या कडेने. रेघ आतून मारली की मुंग्या बाहेरच्या कडेला दिसणार, ते बरोबरच होतं. अध्यक्षांच्या घराला तर मुंग्या अशा चिकटून फिरत होत्या की गॅलरीला बोटभरही जागा नव्हती. मला हसू आलं.

शेवटी हिराबायचं नाव दाबलं. मुंग्या रेघेच्या आतल्या कडेने फिरत होत्या.

मी पुन्हा दाबलं. मग पिक्सेल मोजले. अकरा बाय नऊ. रेघ बाहेरून मारलेली होती. मांडव नव्हता, टेप चुकला नव्हता. एक्केचाळीस घरांना जो माणूस नाही म्हणाला, त्याने बेचाळिसाव्या घराला चारी बाजूंनी चार चार फूट शेजारची जमीन दिली होती आणि वर आपली मोजणी चुकली म्हणून गावासमोर मान खाली घातली होती. आणि हे लपवणं किती सोपं होतं! एकोणीस बाय सतराचं खोटं सिलेक्शन ओढायचं आणि रेघ नेहमीसारखी आतून मारायची. नकाशा अगदी तसाच दिसला असता, शंभर वर्षांत कोणाला कळलं नसतं. पण सरांना मुंग्यांना खोट्या वाटेने चालवणं जमलं नाही. तोंडातलं खोटं बोलले, मनातलं खरं ठेवलं, आणि ते माझ्या हातात देऊन गेले. मी मूर्ख, सतरा-अठरा वर्षं ती सीडी मसाल्याच्या डब्यांच्या मागे ठेवून होते.

मी पडद्याचा फोटो काढला आणि सरांना पाठवला. खाली लिहिलं, 'सर, बेचाळीस नंबरला रेघ बाहेरून?' मग आठवलं, शुक्रवारची संध्याकाळ होती. आता शनिवारचा सूर्य बुडेपर्यंत उत्तर यायचं नाही.

शनिवारी सकाळी तात्यांचा फोन आला. "बगितलंस का? समदं बराबर हाय ना? अध्यक्षांचा नातू इचारत होता, कोनाचं घर कमी-जास्त झालं नाय ना."

समोर मुंग्या फिरत होत्या. मी वीस आकडे मोजले.

"सरांचा नकाशा आहे, तात्या," मी म्हणाले. "एकदम बरोबर आहे." कंट्रोल आणि डी दाबून मुंग्यांना रजा दिली आणि फाइल छापायला पाठवली.

सरांचं उत्तर रविवारी सकाळी आलं. ते आता पंचाहत्तरीला टेकलेत, टाइप करायला त्यांना वेळ लागतो, असं त्यांची लेक म्हणते. एवढ्या मोठ्या प्रश्नाला काहीतरी कारण, निदान एखादं पालुपद येईल असं मला वाटलं होतं. मी चहा बाजूला ठेवून फोन उघडला, वाचलं, मोठ्याने हसले आणि मग स्वयंपाकघरात उभी राहून रडले. आईने विचारलं, काय लिहिलंय एवढं? मी फोन तिच्यापुढे धरला. त्यांनी दोनच शब्द लिहिले होते.

'मी फेदर.'